गळती

पहाटे चार पन्नास, माजिवड्याच्या पुलाखाली पाच सायकली.
चार कार्बनच्या, एक लोखंडी.
लोखंडी माझी.
तन्मय वैती ती दर वेळी एका हातानं उचलून बघतो,
म्हणतो, "काका, ही सायकल आहे की पाइप?"

पाइपच म्हण.
बत्तीस वर्षं पाणीखात्यात, रात्रपाळीला,
लाकडी दांड्याचं एक टोक रस्त्याला, एक कानाला,
आणि झोपलेल्या गल्लीखाली कुठं काय सुसतंय
ते ऐकत उभा.

खारेगावची खाडी अंधारात गेली.
पडघ्यापर्यंत ट्रकांची गरम हवा उजव्या मांडीवर.
वाशिंदला उजाडलं.
आटगावला डावीकडे वळलो
तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या साखळीचा आवाज आला.
तेल कमी पडलंय, हेही तिथंच कळलं.

फाल्गुनातला साग, अंगावर पान नाही.
सगळी पानं रस्त्यावर, चाकाखाली पापड मोडतायत.
पहिला चढ फसवा, दुसरा सरळमार्गी,
तिसऱ्याबद्दल तन्मय आधी काही बोलत नाही.
पोरं पुढं गेली.
त्यांना काळजाचे ठोके मनगटावर दिसतात,
मला माझे ऐकू येतात.

मग झाडांच्या फटीतून तानसा.
एक तुकडा, मग खोडं, मग आणखी एक तुकडा.
एवढं पाणी, आणि आवाज नाही.
आमच्या धंद्यात हे चांगलं लक्षण.

धरणाखाली, पाइपलाइनच्या कडेच्या रस्त्यावर
मागचं चाक बसलं.
बाभळीचा काटा असावा; सापडेना.
डोक्यावर हंडा, हातात टोप घेऊन एक बाई थांबली.
चिमी आगिवले, नाव मागून कळलं.
"कुठशी आलाव?"
ठाण्याहून.
"आन् जानार कुठं?"
ठाण्यालाच.
"मंग आलाव कशाला?"
मी ट्यूबमध्ये डोकं घातलं.

तिनं हंडा उतरवला, टोपात पाणी ओतलं,
म्हणाली, बुडवा.
ट्यूब फिरवत गेलो. एका जागी बारीक बुडबुडे,
माझ्या आधी तिनं बोट ठेवलं.

आणि त्या शांततेत, ठिगळ सुकेपर्यंत,
मला ते ऐकू आलं.
शंभरेक पावलांवर, डाव्या हाताला.
पाय आपोआप निघाले.
जोडाला चिंधी बांधलेली, धार नीट खाली यावी म्हणून.
खाली हंड्याच्या बुडानं खळगा पडलेला दगड.
बाजूला मिरचीची तीन रोपं, काठीचं कुंपण घातलेली.
मी पंपाचा दांडा पाइपाला टेकवला, दुसरं टोक कानाला.
मिनिटाला चार लिटर. जास्तच, कमी नाही.
जोडावर पांढऱ्या रंगात नंबर.

ती मागं येऊन उभी होती.
"तुमी त्यातलं?"
होतो.
"मंग आता?"
आता सायकल चालवतो.
ती चिंधीकडं बघत राहिली, मी रोपांकडं.
"मिरच्या तिखट आहेत का?"
"लय," ती म्हणाली, आणि चार तोडून दिल्या.

परतीला अघई, वज्रेश्वरी, मग भिवंडीचे खड्डे.
पोरं सावलीत उसाचा रस पीत थांबलेली.
"एवढा वेळ काका?"
पंक्चर.

घरी आल्यावर वहीत लिहिलं:
अंतर एकशे अठ्ठावीस. चढ तीन. पंक्चर एक.
खाली जुन्या सवयीनं हातानं रकाना आखला,
जागा, जोड क्रमांक, प्रमाण.
नंबर पाठ होता.
पेन तिथं बराच वेळ टेकलं होतं, शाईचा ठिपका पडला.
वही मिटली.

रात्री ही म्हणाली,
साऱ्या शहराचे नळ बघितलेत,
घरचा टिपटिपतोय महिना झाला.
वॉशर आणतो उद्या, म्हटलं.
मग अंधारात पडून मोजत राहिलो,
एक, आणि थांबून, एक.
उठलो,
खाली तांब्या ठेवला.