बर्फावरची मोजणी

टार्टूत, तिसऱ्या मजल्यावर, वीर्वे
दोन वर्षं एक कुलूप काढते आहे.

कुलूप साधंच. आत एक वही,
वहीत एक आकडा: कितीजण आत आहेत.
लिहायचं तर चावी घ्या, लिहा, चावी ठेवा.
चार कोअर होते तोवर कुणाची तक्रार नव्हती.
आता एक हजार चोवीस.
एक लिहितो, बाकीचे दाराशी
झालं का, झालं का विचारत जागच्या जागी तापतात.
पंखे ओरडतात. काम तसूभर सरकत नाही.
असून अडचण, नसून खोळंबा.
वरचे म्हणतात, आणखी कोअर घाला.

ती हिउमा बेटावरची.
तिथे एकच फेरीबोट, धक्क्यावर गाड्यांची रांग,
आणि रांगेत म्हातारे होणारे मासे.
पण कडक हिवाळ्यात समुद्रच रस्ता व्हायचा,
सव्वीस किलोमीटर.
कुणी कुणासाठी थांबायचं नाही.
दोन गाड्यांत अडीचशे मीटर. पट्टा बांधायचा नाही.
पंचवीस ते चाळीसमधला वेग वर्ज्य,
बर्फाखाली लाट उठते.

अलीकडच्या काठावर बाप, एंडेल,
पुठ्ठ्यावर रेघा ओढायचा.
पलीकडे हार्डो, त्याचा वेगळा पुठ्ठा.
अंधार पडला की फोन, मग ताळा.
दिवसभर बर्फावर नेमके किती
दोघांनाही ठाऊक नसायचं,
आणि त्यावाचून कुणाचं अडायचं नाही.

तेच तिने गाभ्यात उतरवलं.
ज्याची त्याची वही ज्याच्या त्याच्यापाशी.
विचारणं बंद, निरोप तेवढे.
बेरीज कुणी मागितली तरच, सावकाश.

शुक्रवारी सगळे एक हजार चोवीस एकदम धावले
आणि खोलीत पहिल्यांदाच
राइगोच्या खुर्चीची करकर ऐकू आली.
त्याने वेलदोड्याचा क्रिंगेल कापला.

बेरीज एकाने कमी होती.

एवढं चालतं, राइगो म्हणाला. अंदाजच तर आहे.
चालतं, ती म्हणाली.

एका मार्चमध्ये एंडेल फोनवर म्हणाला, एकशे बारा.
हार्डो म्हणाला, एकशे अकरा.
मग तारेत नुसता वारा.
आईने गॅस मंद केला.
बाप पुठ्ठ्यावर बोट ठेवून पुन्हा मोजू लागला,
आणि मोजता मोजताच
दुसऱ्या हाताने बूट ओढू लागला जवळ.

वीर्वेने तुकडा बशीत परत ठेवला.
कुलूप ती पुन्हा लावणार नाही.
पहिल्या कोअरची वही उघडते,
पहिल्या पानावर बोट ठेवते.