पंधरा सेकंद

बीकर हलकेच गोल फिरवायचा,
औषधाची बाटली हलवतो तसा नाही,
झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तसा.
मग मोजायचं.
पंधरा सेकंदांत जी पोहली नाही
तिच्यापुढे लिहायचं : अचल.
मेली असं लिहायचं नाही.
मेली का, हे आम्ही विचारतच नाही.
एखादीच्या मिशा अजून थरथरत असतात.
तरी अचल. नियमावलीत तसं आहे.

पाणपिसवा. मोहरीच्या अर्ध्याएवढ्या,
काचेच्या अंगाच्या.
भिंगाखाली काळीज दिसतं धडधडताना,
आतड्यात कालचं हिरवं शेवाळ,
मोठ्या झाल्या की पाठीच्या पिशवीत अंडी.
सगळ्या बायका. नर लागत नाही
दिवस बरे असेपर्यंत.
माझ्या आधी या टेबलावर बसायच्या त्या ग्वेनबाईंनी
रिव्हलिनच्या जुन्या गिरणीतळ्यातून
जॅमच्या बरणीत एक आणली होती.
तिच्या लेकींच्या लेकींच्या लेकी ह्या,
एकाच छापाच्या. पगार त्यांच्यावर चालतो माझा.

चांदी बाटलीत असते.
फिक्क्या चहासारखं पाणी, बस्स.
इतकी बारीक केली की चांदी पिवळी पडते
हे सांगलीच्या कुठल्या सोनारानं सांगितलं नव्हतं मला.
माझ्या बारशाची वाटी अजून आईच्या कपाटात आहे,
बुडाला माझं नाव, वेलांटी चुकलेली.
तिच्यातला एक कण इथं सोडला तर?
एवढा मोठा कण इथं कुणाला चालत नाही.

शेजारच्या ईनिड स्टॅनिफोर्थ
पंधराव्या वर्षी कारखान्यात लागल्या,
डोक्याला लाल रुमाल, अंगावर खाकी कागदाचा एप्रन,
काट्याचमच्यांना चकाकी द्यायच्या दिवसभर.
घरी आलं की थुंकीसुद्धा काळी, म्हणतात.
आणि म्हणतात,
‘अर्ध्या जगाच्या तोंडात माझे चमचे गेलेत.’
आता डाव्या पायावर दोन वर्षं न भरणारी जखम.
बुधवारी नर्स येते, राखाडी पट्टी लावून जाते.
पट्टीत चांदी.
या महिन्यात जखमेचा काठ गुलाबी झाला.
मी पाहिला. खरंच गुलाबी.
पाय धुतलेलं टब मीच उचललं,
बेसिनमध्ये ओतलं, नळ सोडला,
आणि नळ चालू ठेवून उभी राहिले
उगाचच थोडा वेळ.

बेसिनमधून गटारात,
गटारातून शहराबाहेरच्या टाक्यांत.
तिथं गाळात बहुतेक चांदी
गंधकाशी लग्न लावून गप्प बसते.
बहुतेक.
उरलेली डॉन नदीत, जिथं आता मासे परतलेत म्हणून
पालिकेनं पुलावर पाटी लावली आहे.
वास न येणारे मोजे मीही घेतले होते,
तीन जोड, सेलमधले.
पाकिटावर चंदेरी चांदणी होती.
ते घालूनच मी प्रयोगशाळेत येते.

ईनिडबाई विचारतात, ‘तुझ्या पोरी कशा आहेत?’
बऱ्या आहेत, मी म्हणते.
शुद्ध पाण्यातल्या खरंच बऱ्या आहेत.

आज अठ्ठेचाळीसावा तास. रविवार.
रेडिएटर बंद, बोटं गार.
लिटरला शून्य : पाचांत पाच पोहतायत.
लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम : पाच.
एक : चार, आणि एक गोल गोल फिरतेय,
फिरणं म्हणजे पोहणं का, यावर आमची एकदा
चहावर भांडणं झाली होती.
दोन मायक्रोग्रॅम : दोन.
चार मायक्रोग्रॅमच्या बीकरमध्ये
तळाशी पाच पांढरे ठिपके.
फिरवला. मोजलं.
तेरा, चौदा, पंधरा.
पेन्सिल टेकवली होती मी.
का कुणास ठाऊक, मोजत राहिले.
सोळा. सतरा.
अठरा.
एकोणीसला एक ठिपका तळावरून सुटला,
एक उडी, तिरकी,
अर्ध्या बोटाएवढी,
आणि परत खाली.

वहीत : पाच. अचल.
अक्षर नीट आलं आहे.