हातचा एक

शुवैखमध्ये, टायरवाल्याच्या मागच्या गल्लीत
बू नासेरचं गोदाम. बाहेर पन्नास अंश, आत बावीस.
दोघी शेजारी उभ्या असतात,
लाल इटलीची, हिरवी इंग्लंडची.
एकेकाळी रात्रभर एकमेकींचा धूर खाल्लेल्या,
आता एकाच एसीखाली, एकाच थानातल्या चादरी पांघरून.

पाहुणे विचारतात, यातली भारी कुठली?
बू नासेर माझ्याकडे बोट दाखवतो: या करडे, बोल.
मी काय बोलणार. मी पत्र्याचा माणूस.
इंजिनाचं रोदेलला विचारा. त्याचे दोन ट्रे आहेत,
एकात मिलिमीटरचे पाने, एकात इंचाचे,
आणि इकडचा पाना तिकडे सापडला
तर तो दुपारी जेवत नाही.

मी चाकाच्या कमानीखाली हात घालतो,
जिथे रंग पोचलेला नाही तिथे.

लालच्या पोटात ठोके आहेत.
ओंडक्यावर पत्रा धरून, एकाला एक लागून,
सगळे एकाच बाजूला कललेले. डावरा होता तो.
तिसऱ्या रांगेत घाई झालीय,
कुणीतरी जेवायला हाक मारली असेल.
उजवी कमान डावीपेक्षा बोटभर फुगीर,
आणि हे त्यानं कुणाला सांगितलेलं दिसत नाही.

हिरवीच्या पोटात एक ठोका नाही.
दोन चाकांमधून पत्रा ओढलाय, पुढे-मागे, पुढे-मागे,
चरकातून ऊस जावा तसा, फक्त रस न काढता.
रिवेट मोजले. इकडे एकसष्ट, तिकडे एकसष्ट.
वडील म्हणायचे, मठार नसलेलं भांडं मुकं.
खूप दिवस मला तिचा रागच यायचा.

मग रमजानच्या आधी, ट्रेलरवरून उतरवताना
तिचं नाक रॅम्पला लागलं. मुठीएवढा खड्डा.
बू नासेर तिथेच फरशीवर बसला.
इंग्लंडच्या माणसाला फोन केला, त्यानं सप्टेंबर सांगितला.
मी म्हटलं, द्या इकडे.

पत्र्याला साबण चोळला. साबण करपून तपकिरी झाला
की आच पुरे, त्यापुढे ॲल्युमिनियम न सांगता वितळतं.
(तांबं आधी लाल होऊन दाखवतं. तांबं प्रामाणिक.)
तीन रात्री. वडिलांची हातोडी,
दांडा चार वेळा बदललेला.

तिसऱ्या रात्री बॅटरी तोंडात धरून आत डोकावलो
तर आचेच्या वीतभर वर, पेन्सिलीनं,
कुणीतरी मांडलेली बेरीज.
मापांचीच असावी. सात आणि आठ, खाली पाच,
शेजारच्या घरात दोन आणि तीन, खाली पाचच.
हातचा एक राहिलेला.

रोदेलला हाक मारणार होतो. मारली नाही.

आता रंग चढलाय, बाहेरून काही कळत नाही.
पाहुणे येतात, तेच विचारतात.
आत माझे नऊ ठोके आहेत, घासायचे ठेवून दिलेत.
बेरीज तशीच आहे.