आधी कंबर, मग दर्या

आचऱ्याला, पिरावाडीच्या जेटीअलीकडे,
सुरूच्या सावलीत माझी शेड.
सात कयाक. दोन पिवळ्या, तीन लाल,
एक बुटकी, उन्हाने विटून ना धड निळी ना राखाडी,
आणि एक वर, छपराच्या वाशाला टांगलेली.
तिचं नंतर.

लोक येतात ते रंग बघतात.
मी त्यांच्या चपला बघते:
कोण वाळूत भिरकावतो,
कोण हातात धरून उभाच राहतो.
मग वजन विचारते.
सगळे चार किलो कमी सांगतात.
होडी खरं मोजते, पाणी कुठवर चढलं
ते तिच्या अंगावर दिसतं.

पोस्टातून निवृत्त झालेले ओगले,
गुडघे वाकत नाहीत.
त्यांना रुंद, उघडी, वर बसायची;
लाट आत आली तरी तळाच्या भोकांतून निघून जाते.
"भोकं? होडीला?"
म्हणत त्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.
भरतीच्या शेवटच्या तासाला
कांदळवनाच्या कडेकडेने
बगळ्यासारखे ताठ बसून गेले.
आले तेव्हा पँट ओली, चेहरा शाळेतला.

आणि शर्वाणी. चव्वेचाळीस किलो, मनगटावर घड्याळ.
"मला लांबच हवी. वेगाची."
म्हटलं, बाई गं, ती सहाफुटी माणसाच्या मापाची,
तू आत म्हणजे टोपात वाटाणा.
हलकी होडी पाण्यावर उंच राहते,
आणि दुपारचा खारा वारा
उंच राहिलेलं काही सोडत नाही.
ऐकते कुठली.
अकराला मतलई पडली.
साडेबाराला वायव्येकडचं पाणी काळपट झालं
आणि तिची नाळ वाऱ्याकडे वळत राहिली,
कुणीतरी तिकडून हाका मारत असल्यासारखी.
तोंडवळीच्या वाळूला लागून
होडी दोरीने ओढत आली, पाण्यातून, गुडघाभर.
"ऐकतच नव्हती माझं."
विचारलं, गुडघे कुठे टेकत होते तुझे?
ती थांबली. "कुठेच नाही."

दुसऱ्या दिवशी जुन्या गादीचा स्पंज कापला,
बुटक्या निळीत तिच्या मांड्यांशी ठासला.
पोरीने नुसती कूस बदलली
आणि होडी वळली.

हे माझं शहाणपण नव्हे.
बाबांची होडी उलांडीची होती,
पाण्यावर कोपर टेकून बसलेली.
माझ्या होड्यांना ते तपेली म्हणतात, रंगीत तपेली.
पण कुणाला कुठलं वल्हं
हे ते खांद्याकडे बघून ठरवायचे,
आणि तांडेलकीची पहिली अट सांगायचे:
"आदी कंबर बघ, मगे दर्या."

आता ती वरची.
सतरा फुटी, अरुंद, बंद पाठीची, मागे छोटं सुकाणू.
उभ्या पाण्यात लटपटते, चाळ्यात बसली की शांत होते.
माझी. लग्नाआधीची.
दोन बाळंतपणांनंतर एकदा बसून पाहिलं,
कंबर अडली, मी हसले,
आणि दोर ओढून तिला वाशाला चढवलं.
दर दिवाळीला पुसते. गिऱ्हाइकाने विचारलं तर
विकायची नाही म्हणते, वापरते का ते सांगत नाही.

या माघात बाबा काठी टेकत शेडमध्ये आले.
"उतर ती खाली."
वितीने तिचं तोंड मोजलं.
मग, मी आठ वर्षांची असल्यासारखी,
माझी कंबर मोजली.
"बोटभर कमी पडता. शीट काडून टाक."
चार स्क्रू. एक गंजलेला, तो तासभर निघेना.
जागी जाळ्याच्या बुचांची पातळ चकती घातली,
काथ्याने शिवलेली.

पहाटे मतलई होती, पाठीवर गार.
खाडीच्या तोंडाशी, रेतीच्या बांधावर,
तीन लाटा फुटू दिल्या, चौथीआधी निघाले.
पलीकडे पाणी जाड, निवांत,
खालून कुणी मोठं जनावर श्वास घेतंय तसं.
ती डावीकडे कलली. मी कंबर सैल सोडली.
ती परत आली.

मागे वळून बघायला मान पुरेना, तेव्हा वल्ह्याने वळले.
जेटीवर बाबा बसलेले,
मांडीवर ती काढलेली शीट,
आणि तिच्यात ठेवलेले चार स्क्रू
सांडू नयेत म्हणून वर धरलेला हात.