तक्रार

सभागृहाच्या काचेमागे माझी खोली.
चाळीस माईक, चाळीस दिवे, एक मी.
पाच मिनिटं झाली की बटण दाबायचं.
माणूस बोलतच राहतो, ओठ हलतात,
आवाज माझ्याकडे जमा.

चौतीस नंबर मागच्या रांगेत, खांबाच्या आड.
कॅमेऱ्यात त्याचा फक्त एक खांदा येतो.
मक्की अल-दैरी, धक्क्यावर बर्फ फोडणाऱ्याचा मुलगा.
दर मंगळवारी उठतो, बिश्तची बाही मागे सारतो,
खिशातून घडीचा कागद काढतो. बहुधा तोच,
कारण घड्यांवरची शाई उडालीय.

दैरच्या बंदरात गाळ साचलाय, अध्यक्ष महोदय.
ओहोटीला होड्या कलंडतात.
भरावासाठी वाळू उपसली ती आमच्या सापळ्यांखालची होती.
विमानं इतकी खालून जातात
की उम्म हसनच्या कपाटात बशा आपोआप किणकिणतात.
मग देशाचं: पेन्शन, वीजबिल,
घरांच्या यादीत म्हातारी होत चाललेली लग्नाळू पोरं.
मंत्री फोन बघत असतात.
उत्तर येतं, अभ्यास चालू आहे.

माझं अरबी हेडफोनमधून झिरपलेलं.
गाळाला काय म्हणतात ते मला
धन्यवादाच्या आधी आलं.
निम्मे शब्द तर हर्णैहून निघतानाच बॅगेत होते,
सवाल, जवाब, अर्ज, मुद्दत,
पण काही इथे येऊन जागचे सरकले.
मंजूर म्हणजे इथे नुसतं पाहिलेलं.
हरकत म्हणजे हालचाल.
आणि तकरार म्हणजे
तेच ते पुन्हा करणं.
त्या दिवसापासून मला चौतीस नंबर कळायला लागला.

चहाच्या टेबलाशी एकदा त्यानं माझा बिल्ला वाचला.
मुकादम! हसला. म्हणजे पुढे बसवलेला.
मग आपण दोघंही चुकीच्या जागी आहोत.
घरचे कसे, म्हणाला.
साखर ढवळता ढवळता मी बोलून गेलो,
आमच्या वाडीतला नझीम, अस्करच्या मागे राहतो,
त्यांच्याकडे चार दिवस पाणी नाही.
एवढंच. घरचे विचारले म्हणून.

मे महिना, शेवटची बैठक.
कागद नवा होता. दैरचं नाव नाही.
कामगारांची वस्ती, म्हणाला, इमारत सात,
दोनशे दहा माणसं, टँकर नाही.
एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरून
त्यात कपडे धुतात.
पुढच्या रांगेतून कुणीतरी,
ही तुझी मतं नाहीत, मक्की.
नाहीत, म्हणाला, आणि पुढचं वाक्य वाचलं.

पाच मिनिटं झाली. दिवा लाल.
माझं बोट बटणावर. या बोटाचाच पगार मिळतो मला,
त्यावर हर्णैत एका घराचा स्लॅब अडलाय.
काचेत माझं तोंड दिसत होतं, त्याच्या खांद्यावर पडलेलं.
एक्केचाळीस सेकंद.
तेवढ्यात त्यानं टँकर कंपनीचं नाव घेतलं,
दोनदा, सुटं सुटं,
टंकलेखकाला लिहिता येईल असं.

सचिवालयानं विचारलं. मी लिहून दिलं,
दमट हवा, बटण अडकलं.
त्यांनी त्यावर शिक्का मारला: मंजूर.
कुठल्या अर्थानं, ते विचारलं नाही.

टँकर गुरुवारी आला.
नझीम म्हणतो, तो तसाही येणार होता,
कंपनीचं थकलेलं बिल भागलं होतं.
असेल.

ऑक्टोबरात सभा पुन्हा भरली.
चौतीसचा दिवा लागला.
जुना कागद, घड्या आणखी पांढऱ्या.
दैरच्या बंदरात गाळ साचलाय, अध्यक्ष महोदय.
मी आवाज एक खूण वर घेतला.
खांबामुळे.