तीन आठवडे फुंकायचं नाही

खुर्ची सरळ करत डॉक्टर श्टेपांका म्हणाल्या,
स्ट्रॉ नको, सिगारेट नको, थुंकणंसुद्धा नको,
तोंडात येईल ते ओठांतून नुसतं ओघळू द्या.
आणि काम काय करता तुम्ही?

गालात कापसाची घडी, अर्धी जीभ परक्याची.
मी मुठीची नळी करून ओठांशी नेली
आणि हवेत एक गोळा काढून दाखवला.
नॉवी बोर गावात एवढं पुरतं.
त्यांनी कागदावर खाडाखोड केली:
तीन आठवडे.

खालची उजवी अक्कलदाढ, आडवी झोपलेली,
शेजारणीच्या मुळाला डोकं टेकून.
निघताना तिचे तीन तुकडे झाले.
मागे भोक, भोकात रक्ताची गाठ,
गडद, थरथरती,
भट्टीतून नुकत्याच उचललेल्या काचेइतकी कच्ची.
हिच्या आधारानेच हाड भरणार, डॉक्टर म्हणाल्या.
ही निसटली तर खालचं हाड उघडं पडेल
आणि रात्री दोनला तुम्ही मला फोन कराल.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
म्हणूनच असेल, दोन दिवस ती सारखी
हाडाचा पत्ता विचारत तिकडेच निघायची.
मी तिला दातांच्या दाराआड कोंडलं.
बटाट्याचं कोमट सूप, चमच्याने, डाव्या बाजूने.
दुसऱ्या दिवसापासून मिठाचं पाणी.
खळखळून चूळ भरायची नाही, मान कलती करायची,
या गालातून त्या गालात
पाणी आपल्या पायांनी जातं.

सहाव्या दिवशी कारखान्यात गेले.
लिबेरेत्सच्या एका शाळेला दिव्यांचे बारा गोळे द्यायचे होते.
फुंकणी फिरवायला मला मनाई नव्हती.
टोकाला तोंड लावलं ल्युबोरने.
एकोणीस वर्षांचा. अक्कलदाढ यायचीय अजून,
बाकीची अक्कलही.
मी बोट उचललं की फुंक, मूठ मिटली की थांब.
एरवी मी ओरडले असते,
पण जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नव्हता.
पहिला गोळा एका अंगाने जाड.
दुसरा फुटला.
तिसऱ्याच्या खांद्याला एक उतार आला
जो मी कधीच येऊ दिला नसता.
आधी राग आला.
मग तो मोडायला उचललेला हात मी खाली घेतला.

संध्याकाळी गोळे निववायच्या भट्टीत ठेवले.
पाचशे अंशांपासून तासातासाने खाली, रात्रभर.
इथे घाई केली तर काच लगेच बोलत नाही,
महिन्यांनी कुणाच्या तरी टेबलावर
काही न लागता तडकते.
भट्टीचं दार लावलं
आणि माझाच हात माझ्या गालावर गेला.

टाके निघाले. हिरडी काठांनी आत वळत आली,
नाडी ओढलेल्या बटव्यासारखी.
आता शेजारच्या दाढेची पाठ घासायची,
मऊ ब्रश, आरसा, वाकडं तोंड.
तिथलं हाड आधीच थोडं खाली उतरलंय,
घाण साचली तर आणखी उतरेल.
भोकात अडकलेला भाताचा कण
बोथट पिचकारीने, हळू, पाण्याने बाहेर.
एवढा वेळ मी माझ्या कुठल्याच
कोपऱ्याला दिला नव्हता.

बाविसाव्या दिवशी फुंकणीला तोंड लावलं.
पहिली फुंक निघाली ती फुंकर होती,
पोळलेल्या बोटावर घालावी तेवढीच.
काच तेवढ्यानेही फुगली.

जूनमध्ये जबड्याचा फोटो काढला.
काळ्या पोकळीत धुकं, धुक्यात बारीक जाळी.
येतंय, श्टेपांका म्हणाल्या, पण अजून भरायचंय.
मी बिलाचे पैसे दिले, सिगारेटचे मागच्या जानेवारीपासून
वाचलेच होते.

आज ल्युबोर गाल धरून आला.
भट्टीसमोर तोंड वासून उभा राहिला,
तुम्हीच बघा, म्हणाला, कशी येतेय.
मी टॉर्च धरला.
मागे, हिरडी फाडून, एक पांढरं टोक.
सरळ आहे, मी म्हटलं.
हिला राहू दे.
जा, मिठाचं पाणी कर.