शिंपल्याचा चुरा

चिंतलवारच्या दुकानात तीन पोती भिंतीला टेकून उभी,
तिन्हींवर एकच कोंबडी छापलेली,
लालभडक तुरा, ढुंगण वर.
आर्णीच्या बाजारात असली कोंबडी मी जन्मात पाहिली नाही.

पंचफुला नागपूरला, पोरीच्या बाळंतपणात,
आणि खुराड्याची किल्ली माझ्या करदोड्याला.
अकरा नग. त्यांतल्या तीन अजून तलंगा.
एकतीस वर्षं ग्रामपंचायतीत शिपाई होतो,
पाणीपट्टीच्या पावत्या घरोघर वाटल्या,
पण घरची कोंबडी काय खाते ते पाहिलं नाही.
ती खायची, अंडं यायचं, मी सोलायचो.

परवा भुरीनं अंडं दिलं ते बिनकवचाचं.
तळहातावर घेतलं तर थरथरलं,
कोमट, ओलं, झोपलेल्या लेकराच्या पापणीसारखं,
आणि ठेवायला जागा सापडेना मला.

फोनवर ती म्हणाली,
"चुना कमी पडला तिले. जवारीच्या कण्यावर किती दिवस काढन ते?
दुकानातून खाद्य आना. ब्रॉयलरचं नका आनू, चरबी धरते.
आन सरकीची ढेप तं अजिबात नाई,
शेवंतीनं घातली होती मांगं,
बलक हिरवा निंघे शेवाळावानी,
पोट्टे तोंड लावत नोते."

मी चष्मा चढवून पोत्याची चिठ्ठी वाचतो.
लेअर मॅश. प्रथिने सोळा टक्के, कॅल्शियम साडेतीन, ओलावा अकरा.
पोरीच्या सोयरिकीचा कागदही मी इतका निरखून वाचला नव्हता.
दुसऱ्या पोत्यावरची तारीख पुसलेली.
शिवणीतून बोट घालून चिमूटभर काढलं, हुंगलं,
भिजून वाळलेल्या सतरंजीचा वास.
तिसरं दाणेदार, महाग.
पहिल्यात मका दिसतो, सोयाबीनची पेंड दिसते,
कोण जाणे आमच्याच शिवारातली,
हिंडून, नाव बदलून परत आलेली.

"हेच न्या काका," चिंतलवार म्हणाला.
"पन तलंगाइले एवढा चुना चालते काय?"
हे मीच विचारलं, आणि माझं मलाच नवल वाटलं.
दुकानात कोणालाच ठाऊक नव्हतं.
ढेपेच्या पोत्यावर बसलेला मडावी
खर्रा घोटत राहिला.

पुन्हा फोन. मागं बाळ रडतंय.
"नाई चालत, मुतखड्यावानी होते त्याइले.
दोन खुराडे तुमाले जमनार नाईत.
सगळ्याइले ग्रोवरच घाला,
आन शिंपल्याचा चुरा येगळा ठेवा, जुन्या गंजात.
जिले लागन ते खाईन.
सांगा लागत नाई."

मग लेअर मॅश राहिलं भिंतीशी,
चौथंच पोतं सायकलला बांधून आणलं.
शिवणीचा दोरा चुकीच्या टोकानं ओढला,
गाठ बसली, विळ्यानं कापला.
कोंबड्यांनी मक्याचे कण वेचले,
बाकीचं पायानं उडवलं
आणि उकिरड्यावर गेल्या,
जसे काही पैसे मी दिलेच नव्हते.

दिवस कलताना भुरी गंजाशी आली.
मान वाकडी, एक डोळा चुऱ्यावर, एक माझ्यावर.
खट्. खट्.
तलंगा आल्या, डोकावल्या, निघून गेल्या.

नवव्या दिवशी अंडं हाताला टणक लागलं.
फोनजवळ धरून नखानं वाजवलं.
"आयकू आलं काय?"
"आलं," ती म्हणाली.
मग जरा थांबून,
"आन तुमी काय खाता जी?"

ताटात सकाळची भाकर, मीठ, फोडलेला कांदा.
"वांग्याची भाजी केली आज," मी म्हणालो.

भुरी उंबऱ्यात उभी होती.
एका डोळ्यानं पाहत होती.